वाटेतलं कपाट

हिवाळ्याच्या सुट्टीत या वेळी काहीही करायचं नाही, असं नकाशेसाहेबांच्या घरात एकमताने ठरलं होतं. एकमताने म्हणजे घरातल्या तिन्ही बायकांचं एकमत. चौथं मत तेव्हा हातात टेप घेऊन झोपायच्या खोलीत भिंत मोजत होतं.

नकाशेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते आरेखक होते. रस्त्याखालून कुठली नळी कुठे जाते, कुठे वळते आणि कुठे उगाचच वळते, हे कागदावर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं. त्यातला 'साहेब' किती आदराचा आणि किती चेष्टेचा, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. काही मोजमापं न घेतलेलीच बरी असतात, हे एवढंच एक शहाणपण त्यांच्या अंगी होतं, आणि तेही फक्त या एका बाबतीत.

मुलगी हॉस्टेलवरून सुट्टीला घरी येणार होती. तिला अभ्यासाला घरात कोपरा नाही, ही गोष्ट साहेबांना अचानक बोचायला लागली. ती बारा वर्षं शाळेत जात होती तेव्हा बोचली नव्हती. झोपायच्या खोलीत खिडकीशी बायकोचं लोखंडी कपाट उभं होतं. ते हॉलमध्ये आणलं की खिडकी मोकळी होते, खिडकीखाली टेबल बसतं, टेबलावर दिवा बसतो आणि दिव्याखाली मुलगी बसते. साहेबांनी हे सगळं एका कागदावर काढलं. कागदावर कपाट अगदी सहज हललं.

"ती आल्यावर बघू की," बायको म्हणाली.

"ती आल्यावर तिला तयार मिळायला हवं. तू हे टोक धर."

बायकोला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं, असं साहेबांना नंतर आठवलं. त्या वेळी त्यांना फक्त टेपचं टोक सरळ धरलेलं हवं होतं.

मुलगी आली. टेबल, दिवा आणि खिडकी यांची योजना तिने उभ्यानेच ऐकली आणि आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं. "बाबा, खरंच गरज नाहीये," ती म्हणाली. ही आपली मुलगी लहानपणापासूनच समंजस, हौस मनात दाबणारी, असं साहेबांना वाटलं आणि ते आणखी पेटले.

घराची रचना इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे, किंवा अडकलेलं आहे. दार उघडलं की हॉल. हॉलमध्ये दिवाण, आणि दिवाणावर साहेबांची आई. हॉलच्या मागे एक अरुंद पॅसेज. पॅसेजच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर आणि संडास, आणि शेवटी झोपायची खोली. म्हणजे हॉल सोडला तर माणसाला लागणारी प्रत्येक गोष्ट पॅसेजच्या पलीकडे. पॅसेजच्या डोक्यावर सिमेंटचा माळा होता. तो साहेबांनी स्वतः बांधून घेतला होता. हॉलची फरशीही त्यांनीच नवी घातली होती, जुन्या फरशीवरच, त्यामुळे हॉल पॅसेजपेक्षा इंचभर उंच झाला होता. कपाट घरात आलं तेव्हा माळाही नव्हता आणि नवी फरशीही नव्हती. कपाटाच्या दृष्टीने पाहिलं तर साहेबांनी त्याची सुटकेची वाट दोन्ही बाजूंनी पद्धतशीर बुजवून टाकली होती.

साहेब हॉलच्या बाजूने ओढत होते, बायको आणि मुलगी आतून ढकलत होत्या. आई दिवाणावरून "सांभाळून रे" म्हणत होती, ते कपाटाला की मुलाला हे कळायला मार्ग नव्हता. पॅसेजभर कपाट शहाण्यासारखं आलं. हॉलच्या तोंडाशी ती इंचभर फरशी आली. "जरा तिरकं करा," साहेब म्हणाले. त्यांनी कपाटाची उंची मोजली होती आणि माळ्याखालची जागाही मोजली होती. तिरकं केलेलं कपाट उभ्यापेक्षा उंच होतं, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही माहीत असते. आयुष्यभर काटकोनात जगलेल्या माणसाच्या ती त्या क्षणी लक्षात आली नाही.

पुढचे पाय हॉलच्या फरशीवर चढले, मागचे खाली राहिले, माथा माळ्याच्या कडेत घुसला. कर्रर्र असा आवाज झाला आणि नंतर काहीच आवाज झाला नाही.

"आता मागे घ्या," साहेब म्हणाले.

आतून धाप लागल्याचा आवाज आला. मग बायकोचा. "येत नाहीये."

"मग पुढे."

"पुढेही जात नाहीये."

कपाटाचा एक पाय वाकून फरशीच्या कडेत रुतला होता. कपाटाची दारं साहेबांच्या बाजूला होती आणि पाठ बायकोच्या. वरच्या कोपऱ्यात माळा आणि कपाट यांच्यामध्ये तिरपी फट उरली होती, ताट आडवं जाईल एवढी. माणूस जाण्याचा प्रश्नच नव्हता. घराचे दोन भाग झाले. एका भागात स्वयंपाकघर, संडास, पलंग, हीटर, सगळी पांघरुणं, बायको आणि मुलगी. दुसऱ्या भागात दिवाण, टीव्ही, आई आणि साहेब.

पहिला सल्ला शेजारून आला. शेजारी निवृत्त हेडमास्तर राहायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग उरला नव्हता, त्यामुळे इमारतीत कुठेही काही पडलं, फुटलं की ते हजर होत. त्यांनी हात मागे बांधून कपाटाकडे बराच वेळ पाहिलं.

"मोजलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

पाणीपुरवठा खात्यातल्या आरेखकाला हा प्रश्न विचारणं म्हणजे शिंप्याला 'सुई कशी धरतात' विचारण्यासारखं होतं.

"साबण लावा," हेडमास्तर म्हणाले. साबण लावला. कपाट स्वच्छ झालं. "आता दोघांनी मिळून एक जोराचा धक्का देऊ." दोघांनी धक्का दिला आणि जी तिरपी फट होती ती चार बोटं लहान झाली. आतून मुलगी म्हणाली, "बाबा, आता ताट जाणार नाही, वाटीच जाईल." हेडमास्तर हात झटकत म्हणाले, "निदान दिशा तरी कळली," आणि चहाला निघून गेले.

खरी अब्रू पुढे जायची होती. थंडीच्या दिवसांत माणसाला काही गरजा वारंवार लागतात, आणि त्या गरजांची जागा कपाटामागे होती. आईला घेऊन साहेबांना हेडमास्तरांच्या घरी जावं लागलं. हेडमास्तरांच्या बायकोने आईला आत नेलं, गरम पाण्याने हात-पाय धुवायला दिले, हीटरपाशी बसवलं, चहा दिला. आई तिथेच रमली. "यांच्याकडे किती उबदार आहे रे," ती म्हणाली. साहेबांची मात्र प्रत्येक खेप हेडमास्तरांसमोरून व्हायची, आणि जाताना एक व येताना एक असे दोन सल्ले पदरात पडायचे. जाताना सल्ला मिळाला की माणसाला थांबून ऐकावं लागतं, आणि त्या अवस्थेत थांबून ऐकणं काय असतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत.

त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला.

"आग कुठे आहे?" पलीकडून विचारलं गेलं.

"आग नाही. कपाट अडकलंय."

"कपाटात कोणी आहे?"

"कपाटात नाही, कपाटामागे. बायको आणि मुलगी."

"त्या बेशुद्ध आहेत का?"

साहेबांनी कान देऊन ऐकलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. "नाही," ते नाइलाजाने म्हणाले. "हसतायत."

"मग इमारतीच्या कमिटीला विचारून लोखंड कापणारा बोलवा," असं सांगून फोन ठेवला गेला.

कमिटी म्हणजे चिटणीस. बाकीचे सभासद सुट्टीला गावाला गेले होते. चिटणीस गळ्यात मफलर गुंडाळून आले, कपाट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो साहेब जन्मात विसरणार नव्हते.

"सुट्टीच्या दिवसांत इमारतीत ठोकाठोक, ड्रिल, कटर काहीही चालवायचं नाही, असा ठराव आहे," चिटणीस म्हणाले.

"तो मला माहीत आहे."

"तुम्हाला नाही तर कोणाला माहीत असणार? मांडला तुम्हीच."

हे खरं होतं. गेल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीत भोक पाडत होतं. साहेबांनी तेव्हा भर सभेत उभं राहून शांततेच्या हक्कावर भाषण केलं होतं, आणि अपवादाची तरतूद ठेवू नये असाही आग्रह धरला होता. अपवाद ठेवला की माणसं सोकावतात, असं त्यांचं वाक्य होतं. ते चिटणिसांना अजून पाठ होतं. त्यांनी ते म्हणून दाखवलं.

"सभासद परत आले की सभा घेऊ," चिटणीस म्हणाले. "तोवर निभवून न्या. आत स्वयंपाकघर आहे ना, मग उपाशी तर कोणी राहत नाही."

उपाशी कोणी राहिलं नाही. फटीतून वाटी यायची, चमचा यायचा, आणि गरम सूप साहेबांच्या बाहीत यायचं. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. मायलेकी गप्पा मारत होत्या. रेडिओ लावत होत्या. सकाळी साहेबांना दिवाणाच्या शेजारी जमिनीवर, कोट अंगावर घेऊन जाग यायची, तेव्हा आत सगळं शांत असायचं. बायको इतक्या उशिरापर्यंत झोपते हे त्यांना माहीत नव्हतं. एरवी ते उठायच्या आत चहा तयार असायचा, त्यामुळे ते असं धरून चालले होते की तिला झोप कमी आहे. काही माणसांना असते.

"तुला त्रास होत नाहीये ना फार?" एकदा त्यांनी फटीला तोंड लावून विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "बरं वाटतंय."

आपल्याला धीर यावा म्हणून ती असं म्हणते, असं साहेबांनी ठरवलं.

त्याच दिवशी दुपारी तिने आतून सांगितलं, "अहो, कपाटातली माझी करड्या रंगाची शाल द्या जरा. मधल्या खणात आहे."

साहेबांनी दार उघडलं. बायकोच्या कपाटात त्यांनी आजवर कधी हात घातला नव्हता. त्यांनी एक शाल फटीतून सरकवली.

"ही तपकिरी आहे."

दुसरी सरकवली.

"अहो, ही शाल नाही. टेबलावरचं कापड आहे ते."

साहेबांनी आता डोकंच आत घातलं. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. मधल्या खणात हात फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की खण जवळजवळ रिकामा आहे. वरचाही रिकामा होता. स्वेटर नव्हते, लोकरीचे मोजे नव्हते, चांगला कोट नव्हता. कपाट हलवायचं म्हणून तिने सामान काढून ठेवलं असेल, असं ते स्वतःशी म्हणतायत तोवर कपाटाच्या पत्र्यातून मुलीचा आवाज आला. पत्रा पातळ होता. ती कानात बोलावी तसं ऐकू आलं.

"आई, शाल आपण भरली बहुतेक. मोठ्या बॅगेत."

"हो का? मग राहू दे. त्यांना सांगते."

"बाबांना तेही सांगून टाक ना आता. किती दिवस लपवणार?"

"लपवत नाहीये गं. सांगायला वेळच सापडत नाही."

"नोकरीचं मी सांगते. पण तू माझ्याकडे राहायला येतेयस हे तूच सांगायला हवं. खोली घेतलीय, दोन पलंग घेतलेत, आणि ते इथे माझ्या अभ्यासाला कोपरा करतायत. अभ्यास संपून महिने झाले माझा."

साहेब तसेच उभे राहिले, अर्धे बाहेर, अर्धे आत. जावं की राहावं, दार लावावं की नाही, काही सुचेना. अशा वेळी माणसाने काय करावं याचा काही शिरस्ता असेल तर त्यांना तो माहीत नव्हता. शेवटी डांबरगोळ्यांनीच निकाल लावला. त्यांना एक जंगी शिंक आली. सगळं कपाट दणाणलं.

"बाबा?" मुलगी हळूच म्हणाली.

"शाल सापडत नाहीये," साहेब म्हणाले.

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. बायको कपाटाच्या पाठीशी येऊन बसली असावी, कारण तिचा आवाज अगदी जवळून आला.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं." मग त्यांना वाटलं की आपण रागवायला हवं. त्यांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण डोकं कपाटात असताना चढवलेला आवाज आपल्याच कानांवर येऊन आदळतो. ते पुन्हा हळू बोलले. "किती दिवसांसाठी?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. मोजून नाही ठरवलेलं."

"आईचं काय?"

"आई तुमच्या आहेत," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर साहेबांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते त्या दिवशी. तुम्ही टेपचं टोक धरायला दिलंत."

साहेबांना म्हणायचं होतं की टोक सोडून सांगायचं होतंस. मग आठवलं, की ती मध्ये एकदा टोक सोडून काही बोलायला लागली होती आणि ते तिच्यावर खेकसले होते, की इंचाचा फरक पडला.

"मी काही भांडून जात नाहीये," बायको म्हणाली. "थकलेय हो. तिथे गेल्यावर कोणी मला हाक मारणार नाही, एवढंच डोक्यात आहे. बाकी काही ठरवलेलं नाही."

साहेबांनी दार लावलं. दार लावताना कपाटाला किल्ली होती ती त्यांनी नकळत फिरवली आणि मग पुन्हा उलटी फिरवली.

संध्याकाळी आईला आणायला ते हेडमास्तरांकडे गेले. तिला ही बातमी कशी सांगावी, याची जुळवाजुळव ते दाराबाहेर करत होते. आई हीटरपाशी बसून बिस्किट खात होती.

"ती मुलीकडे राहायला जातेय," साहेब म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "मला विचारूनच ठरवलं तिने. मी म्हटलं, जा. मला कोणी विचारलं नव्हतं माझ्या वेळी, नाहीतर मीही गेले असते."

हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "उत्तम निर्णय. हवापालट होईल." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. हेडमास्तरांना माहीत म्हणजे चिटणिसांना माहीत, आणि चिटणिसांना माहीत म्हणजे इमारतीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना. रस्त्याखालच्या प्रत्येक नळीचा ठावठिकाणा सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात काय वाहतंय याचा पत्ता नव्हता, आणि हे सगळ्या शहराला नाही, फक्त एका इमारतीला ठाऊक होतं, एवढाच काय तो दिलासा.

चिटणीस दुसऱ्या दिवशी आपण होऊन आले. ठरावाचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. "सभासदांशी फोनवर बोललो. कापून घ्या," ते म्हणाले, आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांना तो ठराव परवडला असता. हा हात झेपला नाही.

लोखंड कापणारा आला. त्याने कटर लावला, कपाटावर खडूने दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "कापल्यावर हे पुन्हा उभं राहणार नाही. चालेल ना?"

साहेब घुटमळले. हे कपाट बायकोने लग्नाआधी, नोकरीला होती तेव्हा घेतलं होतं. घरात तिची म्हणून एवढी एकच वस्तू होती. तिला वाईट वाटेल, ती थांबवेल, मग आपण म्हणू की नको कापायला, दुसरा काही उपाय शोधू, सभासद येईपर्यंत थांबू, असं सगळं त्यांच्या मनात एका क्षणात उभं राहिलं.

"काप," आतून बायकोचा आवाज आला. "अहो, काप म्हणावं त्याला."

कटर सुरू झाला. ठिणग्या हॉलभर उडाल्या. हेडमास्तर दारातून "डावीकडून घे" म्हणत होते. कापणाऱ्याने उजवीकडून घेतलं. पहिला तुकडा पडल्यावर पलीकडे मायलेकी दिसल्या, कोट घालून उभ्या. बायकोने हात पुढे केला आणि साहेबांनी तो धरून तिला पत्र्याच्या तुकड्यांवरून अलीकडे घेतलं. किती वर्षांनी तिचा हात धरला याचा हिशेब त्यांनी केला नाही. तिने हॉलच्या फरशीवर पाय टेकल्यावर हात सोडवून घेतला आणि आधी सासूच्या पाया पडायला गेली, मग तिच्या औषधांचा डबा कुठे आहे ते साहेबांना दाखवलं.

सुट्टी संपायच्या आधीच त्या दोघी गेल्या. टॅक्सीत सामान ठेवताना साहेबांनी डिकीत बॅगा अशा रचल्या की एक इंच जागा वाया गेली नाही. "छान बसलं बाबा," मुलगी म्हणाली. बायको खिडकीतून म्हणाली, "आईंना रात्री दूध कोमट द्या, गरम नको." टॅक्सी वळली. साहेब फुटपाथवर थोडा वेळ उभे राहिले, मग थंडी वाजायला लागली म्हणून वर आले.

हेडमास्तर आतच होते. आईजवळ बसून पॅसेजकडे कौतुकाने बघत होते. "आता कसं ऐसपैस झालं," ते म्हणाले. "घर एवढं मोठं आहे हे कळतच नव्हतं इतके दिवस."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने चहा मागितला. साहेब स्वयंपाकघरात गेले. पाणी ठेवलं. एकामागून एक डबे उघडले. एकात तांदूळ होते, एकात मीठ, एकात कसल्याशा बिया. चहाची पूड कुठेच नव्हती. पाणी उकळून आटायला लागलं तेव्हा त्यांनी फोन लावला. तो मुलीने उचलला.

"बाबा, बोला."

"आईला दे जरा. चहाची पूड कुठे ठेवते ते विचारायचंय."

मुलगी आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "बाबा, आई झोपलीय."

"आत्ता? भर दुपारी?"

"हो. जेवल्यावर आडवी झाली, ती झोपलीच. गाढ झोपलीय. उठवू का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला दुपारी झोपलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. कशी दिसत असेल ते डोळ्यांसमोर आणायचा त्यांनी प्रयत्न केला. एका कुशीवर असेल की उताणी, हेही त्यांना ठरवता आलं नाही.

"नको," ते म्हणाले. "झोपू दे तिला." आणि आपलाही आवाज आपण खाली आणलाय, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

हॉलमधून आईने विचारलं, "झाला का रे चहा?"

"होतोय," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढचा डबा उघडला.